फोल्डरातली विमाने

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कंपनीने दिलेली विमाने मोजकीच असतात. बाकीची असंख्य विमाने हौशी मंडळींनी घडवलेली, फुकट वाटलेली आणि दुसऱ्यांनी पुन्हा बदललेली असतात. २००३ सालची ‘अ सेंच्युरी ऑफ फ्लाइट’ आणि २००६ सालची ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ (एफएसएक्स) या आवृत्त्यांच्या काळात ही हौस फार बहरली. त्याचे कारण रचनेत होते. सिम्युलेटरच्या लेखी विमान म्हणजे मूळ प्रोग्रॅमपासून वेगळे ठेवलेले एक फोल्डर. ते आत टाकले की विमान यादीत दिसते, काढले की नाहीसे होते.

या फोल्डरात आणखी चार फोल्डर असतात. ‘मॉडेल’मध्ये विमानाचा आकार आणि चाके, फ्लॅप असे हलणारे भाग, ‘टेक्श्चर’मध्ये त्या आकारावर चढणारी रंगीत चित्रे, ‘पॅनेल’मध्ये कॉकपिटमधली उपकरणे आणि ‘साउंड’मध्ये इंजिनांचे आवाज. त्याखेरीज दोन फायली. त्यांतल्या ‘.एअर’ फाइलमध्ये उड्डाणाचे गणित साठवलेले असते. ती वाचायला खास साधन लागते. दुसरी ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’. ही साधी टेक्स्ट फाइल असल्याने नोटपॅडमध्ये उघडते, आणि या हौसेत माणसे शिरली ती बहुतेक याच दारातून.

एकाच विमानाचे अनेक रंग या फाइलमध्ये नोंदवलेले असतात. प्रत्येक नोंदीत नाव, मॉडेल, पॅनेल, आवाज आणि टेक्श्चर कोणते घ्यायचे ते लिहायचे. नोंदींचे क्रमांक शून्यापासून सलग हवेत. मध्ये एक आकडा सुटला तर त्यापुढची विमाने यादीत येत नाहीत, आणि दोन नोंदींचे नाव अगदी सारखे असले तर एकच दिसते. नवे विमान ‘दिसत नाही’ अशी तक्रार आली की अनुभवी माणूस आधी हेच तपासतो. त्याच फाइलमध्ये रिकाम्या विमानाचे वजन पौंडांत आणि चाकांच्या जागा फुटांत असतात. विमान धावपट्टीत रुतलेले दिसले किंवा उभ्या उभ्या उसळू लागले, तर चाकांचे आकडे मॉडेलशी जुळत नाहीत असे समजावे. एलिव्हेटर किती जोर धरेल, पंखांची उचल किती, हवेचा अडथळा किती, यांचेही गुणक इथेच असतात. ते १.० वरून थोडेथोडे सरकवत लोकांनी जड विमाने हलकी केली आणि चपळ विमाने बिघडवलीही.

सर्वाधिक लोक मात्र रंगकामात, म्हणजे रीपेंटमध्ये, रमले. मॉडेल घडवणारा बहुधा ‘पेंट किट’ देतो: खिडक्या, दारे, पत्र्यांचे सांधे वेगवेगळ्या थरांत ठेवलेली मोठी चित्रे. त्यांखाली रंग भरायचा, नोंदणीची अक्षरे टाकायची, रात्री उजळणाऱ्या खिडक्यांसाठी वेगळी फाइल करायची. एफएसएक्सच्या डीडीएस प्रकारच्या चित्रफायलींत तर चित्र वरचे खाली उलटून ठेवावे लागते. एअर इंडियाचा जुना पेहराव हा रंगाऱ्याच्या चिकाटीची परीक्षा घेणारा. प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका असल्याने जराही चूक लपत नाही. त्यात कंपनीचे नाव एका बाजूला देवनागरीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. मेमरी वाचवण्यासाठी काही मॉडेलांत दोन्ही बाजूंना एकच चित्र आरशासारखे उलटून वापरत. अशा मॉडेलवर एका बाजूची अक्षरे उलटी उमटतात. तिथे एअर इंडिया नीट रंगवताच येत नाही, रंगारी कितीही कसबी असो.

आकार घडवण्याचे काम अवघड आणि वेळखाऊ. ‘थ्रीडीएस मॅक्स’ची ‘जीमॅक्स’ ही मोफत आवृत्ती त्यासाठी फार वापरली गेली. ‘प्रोजेक्ट ओपनस्काय’सारख्या गटांनी बोइंगची प्रवासी विमाने उभी केली, तीही हवेत लवणाऱ्या पंखांसह. कॉकपिट आणि आवाज अनेकदा उसने असत. मायक्रोसॉफ्टची पॅनेलची किंवा आवाजाची फाइल आपल्या झिपमध्ये घालून वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरला असता, म्हणून फोल्डरात एका ओळीची ‘एलियस’ नोंद ठेवत: आवाज कंपनीच्या ७३७-४०० मधूनच घ्यावा. ‘अ सेंच्युरी ऑफ फ्लाइट’ वापरणाऱ्याकडे ते विमान असेच. पळवाट म्हणून ही तोड सुरेख होती.

फुकट म्हणजे बेवारस नव्हे. झिपमधल्या ‘रीडमी’ फाइलमध्ये अटी असत: विकू नये, श्रेय द्यावे, बदल करून पुन्हा वाटण्याआधी विचारावे. रंगारी म्हणूनच बहुधा फक्त टेक्श्चर वाटत आणि मूळ मॉडेल आपापले मिळवा असे सांगत. अडचण व्हायची ती मूळ कर्ता हौस सोडून निघून गेला की. मग परवानगी मागायची कोणाकडे? चांगली मॉडेले या एका प्रश्नापाशी अडकून पडली. ही विमाने जिथून उतरवून घेत ती इंटरनेटवरची भांडारेही अमर नव्हती. मे २००९ मध्ये अ‍ॅव्हसिम या मोठ्या भांडारावर सायबरहल्ला झाला. तिथले दोन सर्व्हर एकमेकांचीच बॅकअप ठेवत होते आणि दोन्ही एकदमच गेले. भांडार पुन्हा उभारावे लागले.

पुढे तंत्रही बदलले. एफएसएक्सच्याच घराण्यातल्या ‘प्रीपेअर थ्रीडी’ची चौथी आवृत्ती २०१७ मध्ये ६४ बिटांची झाली, तेव्हा ३२ बिटांची बंदिस्त उपकरणे बंद पडली. उघड्या एक्सएमएल मजकुरात लिहिलेली पुष्कळशी चालत राहिली. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बाहेरच्या गोष्टी ‘कम्युनिटी’ फोल्डरात जातात. रंगसंगती स्वतंत्र पॅकेज म्हणून येते आणि मूळ विमानाला हात लावत नाही. फक्त प्रत्येक फाइल ‘लेआउट.जेसन’मध्ये नोंदवलेली लागते. नसेल तर सिम्युलेटरला ती दिसतच नाही.

परवानगीच्या पेचावर उत्तर मिळाले ते मुक्त परवान्यातून. ‘फ्लायबायवायर’ गटाने २०२० च्या आवृत्तीतले ए३२०निओ घेऊन त्याच्या यंत्रणा नव्याने लिहिल्या आणि आपला कोड जीपीएल परवान्याखाली गिटहबवर खुला ठेवला. ‘फ्लाइटगिअर’ हा सिम्युलेटर तर नव्वदच्या दशकापासूनच या वाटेवर आहे. त्याची विमाने बहुतांशी एक्सएमएल फायलींत लिहिलेली असतात, आणि जीपीएलखालचे विमान कर्ता निघून गेला तरी दुसरा कोणीही हाती घेऊन दुरुस्त करू शकतो, त्याच परवान्याखाली पुन्हा वाटू शकतो.