रिमोटच्या पोटातली चावी

नव्या गाडीची चावी म्हणून शोरूममध्ये हातात पडतो तो प्लास्टिकचा गुळगुळीत ठोकळा. ना पातं, ना दाते. तो खिशात असला की दार उघडतं आणि बटण दाबलं की गाडी सुरू होते. मग एखाद्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर, चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याशा पार्किंगमध्ये, ठोकळा गप्प बसतो. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. बहुतेक रिमोटमध्ये तो सीआर 2032 जातीचा असतो, आणि हा आकडाच त्याचं माप आहे: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी.

ठोकळ्याच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की पोटातून धातूची छोटी चावी निघते. तिचं भोक शोधणं हाच अनेकांना मोठा पेच वाटतो. ते बहुधा फक्त ड्रायव्हरच्या दाराला असतं, आणि बऱ्याच गाड्यांत हँडलच्या टोकाशी, गाडीच्याच रंगाच्या टोपणाखाली दडवलेलं. टोपणाला खालून एक फट असते. तिच्यात चावीचं टोक घालून हलकेच उचकलं की टोपण सुटतं.

आत जे घडतं त्यात विजेचा अंशही नाही. कुलपाच्या दंडगोलात पितळेच्या आठ-दहा पातळ पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला स्वतःची इवलीशी स्प्रिंग. एरवी या पट्ट्यांची टोकं बाहेरच्या कवचातल्या खाचेत घुसून बसतात, म्हणून दंडगोल फिरत नाही. योग्य चावी आत शिरली की तिच्यावर कोरलेली वळणं प्रत्येक पट्टीला हवी तेवढीच सरकवतात, सगळी टोकं एकाच वेळी आत येतात आणि दंडगोल मोकळा होतो. एक पट्टी केसभर चुकली तरी दार हलत नाही. दंडगोलामागचा दांडा थेट दाराच्या लॅचला जोडलेला असतो. गाडीत करंट असो वा नसो, त्याला फरक पडत नाही.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला कुलपांचा जर्मन वारसाही आहे. फेल्बर्ट हे जर्मनीतलं कुलपांचं गाव. तिथे कुलपांचं संग्रहालयसुद्धा आहे. 1908 साली त्याच गावात सुरू झालेल्या हुफ या कंपनीचा कारखाना चाकणला आहे. आणि खिशातून न काढता चालणारी चावी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एस-क्लासमधून बाजारात आणणाऱ्या मर्सिडीझची भारतातली पहिली गाडी 1995 मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जोडली गेली होती. कंपनी चाकणला गेली ती नंतर, 2009 मध्ये.

दार उघडलं. काही गाड्या इथे भोंगा वाजवून शेजारपाजार जागा करतात, कारण त्यांच्या लेखी हा चोरच. तो वाजू द्यावा, गाडी सुरू झाली की थांबतो. पण ती सुरू व्हायची कशी? स्टिअरिंगपाशी चावी घालायला भोकच नाही, आणि डॅशबोर्ड सांगतो की चावी सापडत नाही.

खरं नवल इथे आहे. मेलेला रिमोट पूर्ण मेलेला नसतो. त्यात एक चिप असते, तिला सेल लागतच नाही. रिमोट गाडीने ठरवलेल्या जागी टेकवायचा: कुठे ती स्टार्टचं बटणच असते, कुठे कप-होल्डर, कुठे स्टिअरिंगखालच्या आवरणावरची खूण. त्या जागेमागे तारेचं वेटोळं असतं. ते सेकंदाला सव्वा लाख आवर्तनं करणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, म्हणजे 125 किलोहर्ट्झ. पुणेकरांनी वर्षानुवर्षं ऐकलेल्या आकाशवाणीच्या 792 किलोहर्ट्झपेक्षाही कितीतरी खाली. चिपभोवतीच्या वेटोळ्यात त्यातून किंचित वीज उपजते. तेवढ्यावर चिप जागी होते, हिशेब करते आणि उत्तर देते. अंतर वाढलं की हे क्षेत्र झपाट्याने, अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं, म्हणून रिमोट अगदी चिकटवूनच धरावा लागतो.

उत्तर कसलं? गाडी दर वेळी एक नवी संख्या पाठवते. चिप आपल्या गुपित संख्येशी तिची सांगड घालून निकाल परत धाडते. गाडीही तोच हिशेब करून पाहते, आणि जुळला तरच इंजिन सुरू होऊ देते. गुपित स्वतः कधीच हवेत जात नाही. धातूच्या चावीची प्रत्येक पट्टी चार उंचींची धरली, तर आठ पट्ट्यांच्या 65,536 जोड्या होतात. चिपचं गुपित 40 बिटांचं असलं तरी शक्यता एक लाख कोटींच्या वर जातात; तरीही 2005 मध्ये अमेरिकी संशोधकांनी तशी एक चिप फोडून दाखवली, आणि आता 128 बिटांपर्यंत मजल गेली आहे. म्हणजे नुसत्या पात्याची डुप्लिकेट करून कुणी आत बसला, तरी बसूनच राहील.

गाडीचीच बॅटरी उतरली असेल तर रिमोटमध्ये कितीही नवा सेल घाला, दार ऐकत नाही. बोनेटचा खटका बहुतेक गाड्यांत आत, ड्रायव्हरच्या पायाशी असतो. बॅटरीपर्यंत पोचायचं तर बोनेट, बोनेटसाठी दार, आणि दारासाठी ते पातं. इलेक्ट्रिक गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 मध्ये 79 किलोवॉट-तासांपर्यंतची बॅटरी मिळते, पण इलेक्ट्रिक गाडीतली मोठी बॅटरी जोडून देणारे स्विच चालतात ते साध्या 12 व्होल्टवर. ते 12 व्होल्ट संपले की पोटात शेकडो किलोमीटरची ऊर्जा असूनही गाडी जागची हलत नाही.

टोपण कुठून उचकायचं, रिमोट कुठे टेकवायचा, हे सगळं गाडीच्या माहितीपुस्तिकेत चित्रांसह दिलेलं असतं. पुस्तिका असते ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे त्याच बंद दाराआड. त्या दोन पानांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि दिवसाउजेडी, घाई नसताना, एकदा पातं काढून दार उघडून पाहा. वर्षानुवर्षं न फिरलेल्या दंडगोलात धूळ बसलेली असते.