काँक्रीटचा कुलवृत्तांत

पाया खणण्याआधीच मालक बदललेलं घर बघायचं असेल, तर अहमदाबादच्या एलिसब्रिज भागात जावं. १९५१ साली तिथल्या गिरणीमालक संघटनेचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंग यांनी पॅरिसचे वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडून स्वतःसाठी एक बंगला आखून घेतला. हठीसिंग तेव्हा एकटे होते आणि घराची आखणी त्या ऐसपैस एकट्या राहणीला धरून होती. नकाशे तयार झाले आणि हठीसिंगांचा बेत फिरला. त्यांनी ते नकाशे श्यामुभाई शोधन या दुसऱ्या गिरणीमालकाला चक्क विकून टाकले. शोधनांची जागा वेगळी होती, गरजही वेगळी होती. आराखडा मात्र जवळपास तोच राहिला. एकाच्या अंगाला बेतून शिवलेला अंगरखा दुसऱ्याने घातला आणि तो बसलाही! १९५६ मध्ये उभं राहिलेलं हे ‘शोधन हाउस’ आज जगभरच्या वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

अहमदाबादमधल्या पन्नास-साठच्या दशकांतल्या घरांची बहुतेक वर्णनं कॉर्ब्युझिएपासून सुरू होतात आणि काँक्रीटच्या सावल्यांवर संपतात. मालक एका ओळीत येऊन जातो. पण ही घरं उभी का राहिली, काही अजून उभी का आहेत आणि काही गेली कशी, याची उत्तरं सावल्यांत सापडत नाहीत. ती मालमत्तेच्या कागदांत आणि घराण्यांच्या वंशावळीत आहेत.

वंशावळ अगदी आटोपशीर आहे. शहराचे पहिले महापौर चिनुभाई चिमणभाई हे गिरणीमालक कस्तुरभाई लालभाईंचे पुतणे. चिनुभाईंची बहीण मनोरमा ही दुसरे गिरणीमालक अंबालाल साराभाईंची सून. हठीसिंग हे त्याच जैन व्यापारी वर्तुळातलं जुनं घराणं. शहरातलं १८४८ सालचं संगमरवरी देरासर त्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि नेहरूंची धाकटी बहीण कृष्णा याच घराण्यात दिली होती. कॉर्ब्युझिए चंडीगडच्या कामासाठी भारतात आले, तेव्हा १९५१ मध्ये या मंडळींनी त्यांना अहमदाबादला बोलावलं. त्यांच्या हाती पाच कामं दिली: संस्कार केंद्र हे संग्रहालय, गिरणीमालक संघटनेची इमारत, मनोरमाबेनचं घर, हठीसिंगांचं घर आणि खुद्द महापौरांचं घर. पाचही कामं एका सोयरिकीच्या बैठकीत ठरावीत, अशीच होती. यातलं महापौरांचं घर कधीच बांधलं गेलं नाही. शहराला संग्रहालय मिळालं, महापौर मात्र कॉर्ब्युझिएच्या घरात राहायला गेले नाहीत.

शोधन हाउसकडे बाहेरून पाहिलं की आधी डोळ्यांत भरतं ते छप्पर. घराच्या खूप वर, बारीक खांबांवर तोललेली एक सपाट छत्री. ऊन आणि पाऊस आधी तिने झेलायचा, घराने नंतर. नैर्ऋत्येच्या बाजूला काँक्रीटचे खोल चौकटी कप्पे आहेत; दुपारचं ऊन त्यांच्या कडांवरच अडतं. आत उतरणीचा रॅम्प मजल्यांना जोडतो आणि मध्येच दोन-तीन मजल्यांइतक्या उंच, मोकळ्या गच्च्या लागतात. स्वयंपाकघर आणि नोकरांची व्यवस्था शेजारच्या बैठ्या भागात आहे. त्या काळच्या श्रीमंत गुजराती घरात रसोडा मुख्य वास्तूपासून दूर ठेवण्याची पद्धत होतीच. पॅरिसच्या माणसाने ती नव्या वेषात ठेवली.

शाहीबागमधलं मनोरमा साराभाईंचं घर याच्या अगदी उलट आहे. शोधन हाउस उंच आणि दिमाखदार. हे जमिनीला चिकटलेलं, झाडांत लपलेलं. विधवा आई आणि दोन मुलगे, एवढ्यांसाठी ते बांधलं. एकमेकींना समांतर अशा भिंती आणि त्यांवर कातालान पद्धतीच्या, चपट्या फरशांच्या अर्धवर्तुळाकार कमानी. या कमानींना खालून लाकडी फळ्यांचा साचा लागत नाही; गवंडी फरशीला फरशी जोडत पुढे सरकतो. वाऱ्याची दिशा धरून या कमानींच्या ओळी आखल्या आहेत, त्यामुळे घर म्हणजे वारा आरपार जाण्याच्या बोगद्यांची मालिकाच झाली आहे. छतावर मातीचा थर आहे आणि त्यावर हिरवळ. उन्हाळ्यात जिथे पारा ४३-४४ अंशांवर जातो, तिथे ही हिरवळ शोभेपुरती नाही.

आणि ती प्रसिद्ध घसरगुंडी! वरच्या मजल्यावरून निघून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी. मुलाने खोलीतून निघावं आणि सरळ पाण्यात पडावं. कुठल्याही भारतीय आईने हा आराखडा पहिल्या बैठकीतच खोडून काढला असता. मनोरमाबेननी तो बांधू दिला, हीच या घराच्या मालकिणीची खरी ओळख.

मालकीच्या दृष्टीने या घराची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण ते एकटं कधीच नव्हतं. ते साराभाईंच्या ‘रिट्रीट’ या विस्तीर्ण आवारात आहे. अंबालाल साराभाईंच्या मुलामुलींनी गांधी, रवींद्रनाथ, माँटेसरी आणि अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट हे सगळे एकाच घरात नांदवले. गीरा आणि गौतम हे भाऊबहीण राइट यांच्याकडे शिकून आले होते. १९५५ मध्ये अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर गीराबेनच्या निमंत्रणावरून इथे राहिला आणि बागेत बसून त्याने आपली झुलती शिल्पं केली. १९७५ मध्ये चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग साराभाईंचा पाहुणा म्हणून आला आणि साबरमती आश्रमाच्या कागद कारखान्यात त्याने काम केलं. १९४९ मध्ये स्थापन झालेलं कॅलिको वस्त्रसंग्रहालय १९८३ मध्ये याच आवारात हलवलं गेलं. गीराबेन २०२१ मध्ये वारल्या. तोपर्यंत त्या संग्रहालयावर त्यांचीच करडी नजर होती. आवारात संग्रहालय, सभोवती झाडी आणि मालकी एकाच घराण्याच्या परिघात, त्यामुळे शेजारी टॉवर उठून घराचा वारा अडवण्याचा प्रसंग फारसा आला नाही. कमानी जेवढ्या वाऱ्यावर टिकल्या, तेवढ्याच या एकसंध मालकीवरही.

याच कुटुंबाच्या दुसऱ्या एका वास्तूचं नशीब पाहिलं की हे पटतं. गौतम आणि गीरा यांनी अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलरच्या कल्पनेवरून रिलीफ रोडवर साठच्या दशकात ‘कॅलिको डोम’ उभारला. तो कॅलिको गिरणीच्या कापडाच्या दुकानाचा होता, म्हणजे मालक गिरणी. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, मालमत्ता दिवाळखोरीत अडकली. २००१ च्या भूकंपानंतर घुमट कोसळला. त्याकडे बघायला तेव्हा घरचं कुणी उरलं नव्हतं. जागा पुढे महापालिकेकडे गेली.

या सगळ्या धनिकांच्या गर्दीत एक मालक वेगळा आहे. तो पुण्यात जन्मला. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ चा, घर लाकडी फर्निचरच्या धंद्यातलं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. तिथून ते पॅरिसला कॉर्ब्युझिएकडे गेले आणि त्याचीच अहमदाबादची कामं पाहायला परतले. मालकाच्या खिशाचा, कंत्राटदाराच्या चालढकलीचा आणि कॉर्ब्युझिएच्या हट्टाचा हिशेब त्यांनी जवळून पाहिला. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःचं घर पूर्ण केलं आणि पत्नीच्या नावाने त्याला ‘कमला हाउस’ म्हटलं. उघड्या विटा, काँक्रीट, मोजकं क्षेत्रफळ आणि बाग. पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळालेला हा माणूस २०२३ मध्ये जाईपर्यंत अहमदाबादकरच राहिला. वास्तुरचनाकार आणि मालक एकच असल्याने या घरात हवा तेव्हा बदल करता आला आणि त्यावर कुणी आक्षेपही घेतला नाही. स्मारक होण्याची सक्ती नसणं, हेही एक भाग्य.

दोशींच्या आधी अहमदाबादेत आधुनिक काँक्रीट आणणारा माणूसही महाराष्ट्रातलाच होता. आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला वास्तुरचनाकार ग्रोपियसकडे शिकून आले आणि त्यांनी कापड संशोधनाची ‘अटिरा’ ही संस्था आणि भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांच्या इमारती बांधल्या. तेव्हा अहमदाबाद मुंबई राज्यातच होतं. १ मे १९६० नंतर ते पाहुण्यांचं गाव झालं. कानविंद्यांच्या या इमारती संस्थांच्या मालकीच्या, म्हणून वंशावळीच्या भानगडींतून सुटलेल्या.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या घरांचा हिशेब इतका सुखाचा नाही. १९६० च्या सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळाने अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी स्पर्धा ठेवली. मंडळाला जिने चढून जायच्या चाळवजा इमारती हव्या होत्या. कोरियांनी दाखवलं की, बैठ्या, एकाला एक लागून असलेल्या घरांतही तेवढीच कुटुंबं बसतात आणि प्रत्येकाला जास्त जागा मिळते. सुमारे १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब अशी ही ‘ट्यूब हाउस’ची रचना पहिली आली आणि तिचा एक नमुना बांधलाही गेला. खिडक्या जवळजवळ नाहीत. दाराशी फिरत्या पट्ट्यांच्या झडपा, आतलं छत उतरतं. आतली हवा तापली की छताच्या उताराने वर सरकते, माथ्याच्या फटीतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. पंख्याचं बटणही न दाबता. विजेच्या बिलाची धास्ती असलेल्या घरासाठी याहून शहाणी युक्ती अहमदाबादेत क्वचितच कुणी काढली असेल.

हे घर १९९५ मध्ये पाडलं गेलं. मालक सरकारी मंडळ, राहणारे अल्प उत्पन्न गटाचे. त्याच्या बाजूने उभं राहील असं घराणं त्यामागे नव्हतं. गिरणीमालकासाठी कोरियांनीच बांधलेलं, साठच्या दशकातलं रामकृष्ण हाउसही पुढे पाडलं गेलं. म्हणजे श्रीमंती पुरेशी नसते. परीख कुटुंबासाठी त्यांनी केलेल्या घरात मात्र उन्हाळ्यातल्या दुपारी बसायचा भाग वेगळा आणि हिवाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी बसायचा भाग वेगळा: एकाचा छेद उभ्या पिरॅमिडसारखा मिटलेला, दुसऱ्याचा उलट्या पिरॅमिडसारखा आकाशाकडे उघडलेला. असं घर पुन्हा बांधायला आता जागाही हवी आणि ऋतूंप्रमाणे घरातल्या घरात हलण्याची तयारीही.

मग ही घरं जातात कशाने? जमिनीने. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यात अहमदाबाद पुण्याबरोबर ‘ब’ वर्गात होतं. रिकाम्या जमिनीची मर्यादा १००० चौरस मीटर. मोठ्या बागेतला बंगला ही त्यामुळे कायमची धास्ती झाली. जमीन वाचवण्यासाठी न्यास, संस्था, वाटण्या असे मार्ग निघाले. ऐंशीच्या दशकात गिरण्या बसू लागल्या आणि बंगला सांभाळणारं उत्पन्न आटलं. १९९९ मध्ये गुजरातने तो कायदा रद्द केला, तेव्हा जमिनीचे भाव आकाशाला भिडायला मोकळे झाले. भावाभावांत वाटणी करायची म्हटली तर काँक्रीटच्या कमानी मोजायच्या कशा? विकून पैसे वाटणं सोपं.

मुंबईकरांना हे नवीन नाही. होमी भाभांचं मलबार हिलवरचं ‘मेहरानगीर’ त्यांच्या भावाने ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ला, म्हणजे एनसीपीएला, दिलं होतं. संस्थेने ते २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलावात विकलं आणि २०१६ मध्ये ते पाडलं गेलं. संस्थेची मालकी हीही हमी नसते, एवढं त्यातून कळतं.

कायद्याकडून फारशी आशा नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकासाठी वास्तू किमान १०० वर्षांची हवी; ही घरं सत्तरीत आहेत. जागतिक वारशाच्या यादीत २०१६ मध्ये कॉर्ब्युझिएच्या सात देशांतल्या १७ वास्तू गेल्या. भारतातून फक्त चंडीगडचा कॅपिटल कॉम्प्लेक्स. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या कोटाच्या आतल्या जुन्या शहराला तो मान मिळाला, पण नदीपलीकडच्या काँक्रीटला नाही.

गिरणीमालक संघटनेची १९५४ ची इमारत आश्रम रोडवर अजून संघटनेच्याच ताब्यात आहे आणि ती आतून पाहता येते. ती नदीकडे तोंड करून बांधली होती. साबरमतीच्या पात्रात कापड धुणारे रंगारी मालकांना दिसावेत, म्हणून. आता त्या जागी रिव्हरफ्रंटची काँक्रीटची भिंत आहे. घरं मात्र खासगी आहेत. परवानगीशिवाय दार वाजवू नये.

पुण्याच्या प्रभात रोडवर, नागपूरच्या धरमपेठेत, मुंबईच्या उपनगरांत त्याच काळातले बंगले आज पुनर्विकासाच्या करारांत आहेत. करारावर सही करायच्या आधी वाचकांनी एवढं करावं: महापालिकेने मंजूर केलेला मूळ नकाशा शोधून त्याची प्रत काढावी, आर्किटेक्टचं नाव टिपून ठेवावं आणि जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला एक फोन करावा. मोजमापं घ्यायला मुलं आनंदाने येतात.