दिग्दर्शक गेल्यावर नाटक सांभाळतो कोण?

नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार यांची नावं ठळक असतात. रंगमंच व्यवस्थापकाचं नाव असलंच तर तळाशी, बारीक अक्षरांत. सेट लागला की नाही बघायचं, प्रॉपर्टी मांडायची, तिसरी घंटा द्यायची, एवढंच त्याचं काम, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर त्याचं सर्वांत मोलाचं काम पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी, तालमीच्या हॉलमध्ये होतं. नाटक बसताना रोज शेकडो गोष्टी ठरतात, मोडतात आणि पुन्हा ठरतात. त्या टिपायच्या, ज्याच्या त्याच्यापर्यंत पोचवायच्या आणि शेवटच्या प्रयोगापर्यंत जपायच्या, ही त्याची जबाबदारी. आपल्याकडे हे काम सहाय्यक दिग्दर्शक, प्रॉम्प्टर, मॅनेजर आणि बॅकस्टेजची मंडळी यांच्यात विभागलं जातं, आणि म्हणूनच ते पूर्णपणे कुणाचंच राहत नाही. पहिल्या वाचनापासून ते एकाच माणसाकडे, अधिकारासह सोपवायला हवं.

ही विभागणी आली आपल्या इतिहासातून. संगीत नाटकांच्या काळात तालमीवर तालीम मास्तरांची हुकमत चाले. गोविंद बल्लाळ देवलांनी नटांच्या किती तरी भूमिका हावभावांसकट घोटून घेतल्या. शिस्त नटाच्या अंगात मुरलेली असे आणि अडलंच तर विंगेतला प्रॉम्प्टर शब्द पुरवी. रंगवलेल्या पडद्यांपुढे चालणाऱ्या नाटकाला एवढी व्यवस्था पुरत होती. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं आणि वास्तववादी नाटकाची वाट मोकळी झाली. पुढे नेपथ्याला भिंती, दारं, जिने आले. प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत ही स्वतंत्र शास्त्रं झाली. तालीम मास्तरांच्या जागी दिग्दर्शक आला, पण गुंतागुंतीच्या झालेल्या या सगळ्या व्यवहाराची नोंद ठेवणारी जागा आपण त्या मानाने घडवलीच नाही.

ही नोंद म्हणजे नेमकं काय, हे तालमीच्या क्रमाने पाहिलं की कळतं. हालचाली बसवायला घेण्याआधी व्यवस्थापक नेपथ्याच्या आराखड्यावरून हॉलच्या जमिनीवर रंगीत टेपने दारं, पायऱ्या, कोच खऱ्या मापात आखून घेतो, म्हणजे दारापासून खुर्चीपर्यंत किती पावलं लागतात ते नटाच्या अंगवळणी पडतं. त्याच्यापुढच्या संहितेत प्रत्येक छापील पानासमोर एक कोरं पान असतं. कोणत्या शब्दावर कोण उठतं, कुठून एंट्री होते, दिवा कधी उतरतो, हे त्यावर पेन्सिलीने लिहिलं जातं. पेन्सिलीनेच, कारण दिग्दर्शक उद्या ते बदलणार असतो. संवाद कुठे गळला, अंक किती मिनिटं चालला, हेही तो टिपतो. तालीम संपल्यावर त्याचं आणखी महत्त्वाचं काम सुरू होतं. नट आता टेबलावर उभा राहणार असं ठरलं, तर ते टेबल भक्कम हवं, हे नेपथ्यकाराला त्याच दिवशी कळलं पाहिजे. नायिकेने पत्र लपवायचं ठरलं, तर वेशभूषाकाराला खिसा शिवावा लागतो. हे निरोप पोचले नाहीत तर ते रंगीत तालमीत उघडे पडतात, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ आणि पैसा दोन्ही उरलेले नसतात.

शुभारंभानंतर या वहीची किंमत वाढतच जाते. 'द गोवा हिंदू असोसिएशन'ने १९७० साली आणलेल्या 'नटसम्राट'मध्ये अप्पासाहेब बेलवलकर आधी डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती भूमिका केली. चांगलं नाटक नटांपेक्षा दीर्घायुषी असतं. नवा नट आपला अर्थ घेऊन येतो, पण बाकीच्या पात्रांनी त्याच्याशी कुठे, कोणत्या क्षणी भिडायचं, हे कुठेतरी शाबूत असावं लागतं. त्यात आपलं नाटक आज ठाण्याच्या गडकरी रंगायतनला, तर उद्या पुण्याच्या बालगंधर्वला. मंचाचा आकार बदलतो, सेट काही तासांत उभा करायचा असतो. अमेरिकेत व्यावसायिक नाटक सुरू झालं की दिग्दर्शक बहुधा पुढच्या कामाला लागतो आणि बदली नटाच्या तालमी स्टेज मॅनेजर घेतो. १९१३ साली स्थापन झालेल्या 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' या संघटनेत तो नटांच्या बरोबरीने सभासद असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो सहाय्यक दिग्दर्शकाचा: तो असताना हा आणखी एक माणूस कशाला? पण सहाय्यकाचं लक्ष अर्थावर आणि अभिनयावर असतं. गैरहजर नटाच्या जागी तालमीत उभंही तोच राहतो. जो स्वतः प्रवेशात गुंतला आहे त्याला तोच प्रवेश बाहेरून टिपता येत नाही. दुसरा आक्षेप उत्स्फूर्ततेचा. सगळं लिहून ठेवलं तर नाटक यांत्रिक होईल, ही भीती खोटी नाही. केवळ वहीबरहुकूम चाललेला प्रयोग निर्जीव होऊ शकतो. पण १९७२ सालचं 'घाशीराम कोतवाल' आठवून पाहावं. नटांच्या रांगेचा तो मानवी पडदा सहज झुलताना दिसे, तो प्रत्येकाचं पाऊल तालाशी पक्कं बांधलेलं होतं म्हणूनच. शेजारचा नट कुठे असेल याची खात्री असली की नट मोकळा होतो. तिसरा आक्षेप पैशांचा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थेची ओढाताण खरी आहे, पण या कामाला वही, पेन्सिल, टेप आणि एक चौकस माणूस एवढंच लागतं. व्यावसायिक निर्मात्याने मात्र त्याला पहिल्या तालमीपासून मानधन द्यायला हवं. तेवढा खर्च रंगीत तालमीत ऐनवेळी बदलाव्या लागणाऱ्या एखाद्या सेटमध्येही वाचू शकतो.

म्हणून बदल व्हायला हवा तो अधिकारात. नाट्यशिक्षणात हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जावा, तालमीची वही संस्थेची मालमत्ता म्हणून जपली जावी, आणि वेळ, सुरक्षितता, ठरलेल्या हालचाली यांबाबत व्यवस्थापकाचा शब्द नामवंत नटानेही मानावा. आपण जुन्या नाटकांच्या संहिता छापून ठेवल्या, पण ती रंगमंचावर कशी उभी राहिली याच्या नोंदी फार थोड्या जपल्या. आज तालमीत कोपऱ्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला मान दिला, तर निदान पुढच्या पिढीला आपलं नाटक नुसतं वाचावं लागणार नाही. ते पुन्हा बसवताही येईल.