बुरशीची जनुके आणि नावांतली चित्रे

पावसाळ्यात देवास गेटवरून आणलेला पाव चार दिवस राहिला, की त्याला बुरशी लागते. आधी ती पांढरी, कापसासारखी दिसते. मग तिच्यावर अनेकदा हिरवी भुकटी येते. पांढरे ते तंतू आणि भुकटी म्हणजे बीजाणू. नर-मादी संयोगावाचून तयार होणारे हे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. ते केव्हा व कसे धरायचे, हे जनुके ठरवतात.

हा उलगडा मुख्यतः अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत झाला. अ‍ॅस्परजिलस हे नाव 1729 मध्ये मिकेली या इटालियन धर्मगुरूने दिले. बुरशीचे गोल डोके पाहून त्याला चर्चमधले तीर्थ शिंपडण्याचे साधन आठवले.

पुढे जनुकांची नावेही उपमेतूनच आली. ग्लासगोच्या क्लटरबक यांनी 1969 मध्ये बीजाणू नीट न धरणाऱ्या बुरशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकीत देठ नुसताच वाढत गेला, डोके आलेच नाही. बुरशी राठ केसांसारखी दिसली. ते जनुक 'ब्रिसल', म्हणजे राठ केस. दुसरीत बीजाणूंच्या जागी मण्यांसारख्या गाठी आल्या, ते 'अबॅकस'. आणखी एका प्रकारात बीजाणू आले, पण पिकले नाहीत. रंग न धरता विरघळून ओले झाले. ते 'वेट-व्हाइट', ओले-पांढरे.

नाव बिघाडाचे, पण त्यातून काम कळते. ब्रिसल डोके घडवण्यास आरंभ करते आणि अबॅकसला जागे करते. अबॅकस बीजाणू देणाऱ्या पेशी घडवते आणि वेट-व्हाइटला जागे करते. ते बीजाणूचे कवच पक्के करते. द्रवात बुडालेले तंतू सहसा बीजाणू धरत नाहीत, त्यांना हवा लागते. पण 1988 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बुडालेल्या तंतूंत ब्रिसल मुद्दाम चालू केले, तेव्हा त्यांची वाढ थांबून तिथेच बीजाणू आले.

आपले विद्यार्थी मात्र 'बीआरएलए', 'एबीएए', 'डब्ल्यूईटीए' ही अक्षरे पाठ करतात. त्यांमागचे चित्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जगभर चालणारी ही चिन्हे बदलू नयेत. पण शिकवताना शेजारी 'राठ केस', 'मणी', 'ओले-पांढरे' हे शब्द ठेवले, तर क्रम पाठ करावा लागणार नाही. तो डोळ्यांपुढे उभा राहील. परिभाषा घडवताना अर्थाइतकेच हे चित्रही जपायला हवे.