बॅकअप घेतलाय ना? मग परत आणून दाखवा

विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरचे संगणक पुन्हा चर्चेत आले. कुणी नवा घेतला, कुणी आहे त्यातच जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. मग ओघानेच प्रश्न आला : सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर न्यायचं कसं आणि त्यासाठी चांगलं सॉफ्टवेअर कुठलं? नावं सुचवणाऱ्यांची कमी नाही. पण नाव ठरवण्याआधी, डोक्यात पक्के बसलेले काही समज एकदा तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : डिस्कचा क्लोन काढून ठेवला, म्हणजे बॅकअप झाला.

ही दोन वेगळी कामं आहेत. क्लोनमध्ये एका डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरतं. दुसऱ्या डिस्कवर आधी जे होतं ते पुसलं जातं आणि हाती एका दिवसाची एकच प्रत राहते. सोमवारी हिशेबाची फाइल खराब झाली आणि मंगळवारी तुम्ही पुन्हा क्लोन काढला, तर खराब फाइलच जपून ठेवलीत. इमेज बॅकअपमध्ये अख्खी डिस्क दाबून एका फाइलमध्ये भरली जाते. पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग जोडला जातो. त्यामुळे एकाच बाहेरच्या डिस्कवर महिनाभरातल्या कितीतरी तारखा मावतात. घर बदलायचं तेव्हा क्लोन, घर राखायचं तेव्हा इमेज. सॉफ्टवेअर शोधण्याआधी आपल्याला यातलं काय हवंय ते ठरवलं, तर यादी आपोआप निम्मी होते.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच असते. विंडोज गोंधळतं आणि त्यातली एक ऑफलाइन करून टाकतं. ‘नवी डिस्क दिसतच नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच निघते.

गैरसमज : पैसे मोजल्याशिवाय भरवशाचं सॉफ्टवेअर मिळत नाही.

मिळतं, पण प्रत्येक फुकट गोष्टीची एक अट असते आणि ती आधी वाचावी लागते.

क्लोनझिला हे तैवानमध्ये तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, विंडोज बंद असतानाच काम होतं आणि ते चोख होतं. मात्र समोर येतो तो अक्षरांनी भरलेला पडदा. मूळ डिस्क कुठली आणि लक्ष्य कुठली, यात उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. ज्यांना ही भीती वाटते त्यांनी रेस्क्यूझिला घ्यावं. तिथे माउसने निवडता येतं आणि क्लोनझिलाच्या इमेजही उघडतात. विंडोज चालू असताना रोज आपोआप इमेज हवी असेल, तर वीम या कंपनीचं मोफत एजंट उत्तम आहे. पण एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर क्लोन करण्याची सोय त्यात नाही.

एसएसडी बनवणाऱ्या कंपन्यांची मोफत अवजारंही असतात. सॅमसंगचं अवजार सॅमसंगच्याच एसएसडीवर उतरवतं. वेस्टर्न डिजिटल ग्राहकांना अ‍ॅक्रोनिस या सॉफ्टवेअरची जी आवृत्ती देते, ती त्यांची डिस्क जोडलेली असेल तरच चालते. एकदाच डिस्क बदलायची असेल, तर एवढ्यावर काम भागतं. वर्षाची वर्गणी भरायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फुकटची खरी अडचण वेगळीच. मॅक्रियम रिफ्लेक्ट या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती अनेक वर्षं घरगुती वापरासाठी पहिली शिफारस असायची. कंपनीने ती बंद केली आणि १ जानेवारी २०२४पासून तिला सुरक्षा दुरुस्त्याही मिळेनाशा झाल्या. विंडोजमधली जुनी ‘सिस्टिम इमेज’ची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये अजून दिसते, पण मायक्रोसॉफ्टने २०१७मध्येच तिला मोडीत निघणाऱ्यांच्या यादीत टाकलं. तेव्हा पाच वर्षांनी इमेज उघडायची वेळ आली, तर उघडणारं सॉफ्टवेअर हाताशी असेल का, हे पाहावं. त्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल आणि विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा वापरायचा, त्याच सॉफ्टवेअरने बनवलेला बचाव पेन ड्राइव्ह इमेजच्या जवळच जपून ठेवावे.

आणि क्रॅक केलेली आवृत्ती? बॅकअप सॉफ्टवेअरला संगणकावरचं सगळं वाचायची मुभा द्यावी लागते. ती अनोळखी माणसाने फोडलेल्या सॉफ्टवेअरला देणं हा शुद्ध आचरटपणा आहे.

गैरसमज : मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जाता येत नाही.

एक टीबीच्या डिस्कवर १८० जीबीच भरलेलं असेल, तर ते ५०० जीबीच्या एसएसडीवर जायला हरकत नसते. विंडोजमधून चालणारी बरीच सॉफ्टवेअर पार्टिशन स्वतःच लहान करून घेतात. क्लोनझिला मात्र लक्ष्य डिस्क किमान तेवढीच असावी असं धरून चालतं. जुनी ५१२ जीबीची आणि नवी ५०० जीबीची असेल, तर त्या १२ जीबीपायी गाडं अडतं. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन आखडतं घ्यावं लागतं.

गैरसमज : डिस्क बदलली की विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागतं.

नाही. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

गैरसमज : सगळं वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्हवर आहे, मग बॅकअप कशाला?

फुकट जागा किती, तर वनड्राइव्हची ५ जीबी आणि गुगलची १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटोंसकट. शिवाय ही सेवा मुळात दोन्हीकडच्या फाइल सारख्या ठेवण्याची आहे. इथे फाइल उडवली की तिथूनही उडते. कचरापेटीत ती साधारण ३० दिवस असते, नंतर नाही.

मराठी घरांत आणखी एक भानगड निघते. युनिकोडच्या आधीच्या काळात श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रं, स्मरणिका, वंशावळी अजून कित्येकांकडे आहेत. फाइल क्लाउडवर शाबूत राहते, पण फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतो आणि तो क्लाउडवर जात नाही. नव्या संगणकावर आजोबांच्या पत्राच्या जागी इंग्रजी चिन्हांचा लगदा दिसतो. अख्ख्या डिस्कच्या इमेजमध्ये फाँटही सोबत येतो.

गैरसमज : सॉफ्टवेअर रोज रात्री चालतं, काही बिघडलं तर तेच सांगेल.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. पाच मार्गांनी बचावाची तयारी होती. त्यातला एकही धड चालत नव्हता, हे कंपनीने स्वतःच जाहीर केलं. नेहमीचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. अखेर सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत कामी आली.

जिथे पगारी अभियंते आहेत तिथे ही गत, तर घरी काय असणार! म्हणून सॉफ्टवेअर पारखायचं ते परत आणण्याच्या कसोटीवर. त्याने बनवलेल्या बचाव पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहा. पडद्यावर आतली डिस्क दिसते का? इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर दिसत नाही, कारण व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. हे आज कळलं तर दहा मिनिटांचं काम, डिस्क मेल्यावर कळलं तर रात्र जाते. मग इमेजमधली एखादी फाइल बाहेर काढून उघडून बघा.

परत आणताना आणखी एक अडचण येऊ शकते. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत, मायक्रोसॉफ्ट खातं वापरून विंडोज नव्याने बसवलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते. कित्येकांना याचा पत्ताच नसतो. डिस्क हलवताना संगणक ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, पण तिथे जाण्याचा पासवर्ड त्याच संगणकात साठवलेला असेल तर पंचाईत. ती कागदावर लिहून ठेवावी. उलट, चालू विंडोजमधून काढलेली इमेज बहुतेक वेळा उघडीच असते, म्हणून तिला वेगळा पासवर्ड द्यावा. आणि बाहेरची डिस्क काम झालं की काढावी. २०१७च्या वॉनाक्रायसारखं खंडणीचं सॉफ्टवेअर जोडलेल्या डिस्कनाही सोडत नाही.

गैरसमज : डिस्क टकटक करायला लागली की पटकन क्लोन काढून घ्यावा.

नेहमीचं क्लोनिंग खराब जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटतं आणि मरती डिस्क आणखी लवकर मरते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर मात्र आधी धड भाग उचलतं, वाईट जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्ये थांबवलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. पण यांत्रिक आवाज येत असेल आणि लग्नाचे एकुलते एक फोटो त्याच डिस्कवर असतील, तर कुठलंच सॉफ्टवेअर लावू नये. संगणक बंद करून डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.