साखळीने बॅग वाचते, दागिने नाहीत
नंदुरबारहून सुरत किंवा भुसावळकडे रात्रीच्या गाडीने निघालात, की खालच्या बर्थखालची कडी शोधा. बॅगेच्या हँडलमधून साखळी ओवून तिथे कुलूप घाला. बॅग उचलून नेणे अवघड होते. आतला ऐवज मात्र उघडाच राहतो. बॅगेच्या चेनचे (झिपचे) दात बॉलपेनच्या टोकानेही उसवतात, आणि कुलपासकट रनर फिरवला की चेन पुन्हा जशीच्या तशी बसते. चोरी कळते ती घरी पोचल्यावर! म्हणून लग्नाला निघालेल्यांना कळकळीने सांगतो, सोने अंगालगतच्या पिशवीतच ठेवा. रेल्वे कायदा १९८९, कलम १०० नुसार सोबतच्या सामानाची भरपाई रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच मिळते. चोरी प्रवासातच लक्षात आली, तर धावत्या गाडीतच टीसीकडे किंवा बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे तक्रार द्या. १३९ या रेल्वे हेल्पलाइनवरही कळवा.