घरगुती क्रीडासाहित्याची ऑनलाइन विक्री : उत्पादकाचे दायित्व आणि खाजगीपणाचा प्रश्न

प्रास्ताविक :
टेनिस चेंडूच्या क्रिकेटची बॅट, शिवलेले पॅड, किटबॅग अशा वस्तू घरीच तयार करून ऑनलाइन विकण्याचा व्यवसाय आता नवा राहिलेला नाही. भांडवल थोडे लागते आणि दुकानाचे भाडे वाचते. मात्र अशा विक्रेत्यावर कोणते कायदेशीर दायित्व येते आणि त्यापायी त्याला स्वतःविषयीची किती माहिती उघड करावी लागते, याचा विचार बहुधा विक्री सुरू झाल्यानंतरच होतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार केला आहे.

उत्पादकाचे दायित्व :
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या सहाव्या प्रकरणातील (कलमे ८२ ते ८७) उत्पादनविषयक दायित्वाच्या तरतुदी जुलै २०२० पासून अमलात आहेत. वस्तू किंवा तिचा भाग तयार करणारी व्यक्ती म्हणजे उत्पादक. ती कारखान्यात काम करते की माजघरात, हा प्रश्न येथे गौण आहे. बॅटची मूठ पात्यात पाचरीसारखी बसवून चिकटवलेली असते. हा सांधा कच्चा राहिला आणि मुठीचा तुकडा उडून खेळणाऱ्याच्या चेहऱ्यास इजा झाली, तर ती निर्मितीतील दोषामुळे झालेली हानी होय. खरेदीदाराच्या संमतीने बॅट वापरणारा मित्रही ग्राहकच ठरतो. केवळ बॅट मोडली, तर मात्र या प्रकरणाखाली दावा होत नाही. ती सदोष मालाची साधी तक्रार ठरते.

याहून अधिक धोका शब्दांत आहे. ‘लेदर बॉललाही चालेल’ असे वाक्य विक्रेता जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर सहज लिहून जातो. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्त हमी ठरू शकते. वस्तू तिच्याशी जुळली नाही, तर ती हमी देताना आपण निष्काळजीपणा किंवा फसवणूक केली नाही, असे सिद्ध करूनही उत्पादकाची सुटका होत नाही (कलम ८४). योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे, हाही त्याच कलमानुसार दायित्वाचा आधार आहे. म्हणून ‘फक्त टेनिस चेंडूसाठी’ ही तीन शब्दांची चिठ्ठी कोणत्याही सुबक स्टिकरपेक्षा मोलाची. लहान बॅट ‘खेळणे’ म्हणून विकल्यास, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला गुणवत्ता नियंत्रण आदेशही आड येण्याची शक्यता आहे.

पत्त्याचा प्रश्न :
दायित्व ठरवायचे, तर उत्पादक सापडला पाहिजे. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता लागतो. ई-कॉमर्स नियम, २०२० च्या नियम ५ नुसार विक्रीमंचाने विक्रेत्याचा भौगोलिक पत्ता दाखवावयाचा असतो. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिकरीत्या केलेली, नियमित वा पद्धतशीर व्यवसायाचा भाग नसलेली विक्री या ई-कॉमर्स नियमांतून वगळली आहे. पण दरमहा बॅटी विकणाऱ्यास ही सवलत कशी मिळणार? परिणामी एकट्या राहणाऱ्या, घरी पॅड शिवणाऱ्या स्त्रीचे राहते घर कोणाही अनोळखी व्यक्तीस पडद्यावर दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणास मूलभूत अधिकार मानले, त्याच्याशी ही स्थिती नीट जुळत नाही.

जखमी ग्राहकास पत्ता मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. परंतु खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याची अधिक माहिती देण्याची सोय नियम ५ मध्येच आहे. घरून विक्री करणाऱ्यांचा पत्ता या दुसऱ्या टप्प्यावर ठेवला, तर ग्राहकाचे काहीही बिघडणार नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

खाजगीपणाची दुसरी बाजू ग्राहकाची आहे. ‘ऑर्डर रवाना’ म्हणून टाकलेल्या पार्सलच्या छायाचित्रात ग्राहकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक स्पष्ट वाचता येतात. बॅटवर मुलाचे नाव कोरलेले असेल, तर तेही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. माजघरातील विक्रेत्यांपर्यंत ही मुदत कोणी पोहोचवावयाची, हे मात्र नियमांत दिसत नाही.